शंका आल्यास नवशाला विचारा

अंजूरच्या नवशा भोईरला तुम्ही सहज म्हणालात की आज सोमवार आहे, तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघेल, आणि मग कॅलेंडर यंदाचंच आहे ना ते बघायला जागेवरून उठेल. सोमवार निघाला तरी त्याचं समाधान होत नाही. यानं मला सोमवार का सांगितला असेल, हा विचार त्याला मंगळवारपर्यंत पुरतो.

हा संशय त्याच्या जन्माच्याही आधीचा. मुलगा व्हावा म्हणून त्याच्या आईनं गावदेवीला नवस बोलला, एकवीरेला बोलला आणि जेजुरीच्या खंडोबालाही बोलला. मुलगा झाला, त्याचं नाव नवशा ठेवलं. पण तिघांपैकी नेमकं कोण पावलं याचा उलगडा माउलीला शेवटपर्यंत झाला नाही. म्हणून नवशा आजही दरवर्षी तिन्हीकडे नारळ फोडतो. "एकाचं राहिलं न तो विचारायला आला, तर?" असं तो म्हणतो. टपरीवर कटिंग आला की सोबतच्याला आधी पिऊ देतो. गोडाऊनच्या वजनकाट्यावर अधूनमधून स्वतः उभा राहतो. वजन जास्त दिसलं तर काटा बिघडला आणि कमी दिसलं तर बायको हौसा जेवणात हात आखडते, असे दोन निष्कर्ष त्यानं कायमचे काढून ठेवलेत. वजन बरोबर असेल, ही तिसरी शक्यता त्याच्या मनाला अजून शिवलेली नाही.

असा माणूस घरात असला की घरच्यांचे हाल होतात. पण गोडाऊनच्या गेटाजवळ असला की मालक निवांत झोपतो. नवशा मानकोलीच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये डिस्पॅचला बसतो. कुठली गाडी कुठल्या डॉकला लावायची, कुठला माल भरायचा, आणि भरलेली गाडी बाहेर सोडायची की नाही, हे त्यानं ठरवायचं. बसायला एक खुर्ची. तिचं एक चाक गेलेलं, तिथं लाकडाचा ठोकळा. पाठीला सुतळीनं बांधलेली उशी. खुर्चीत बसून नवशा भरलेल्या गाडीकडे एक डोळा बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "जा." किंवा म्हणायचा, "थांब." त्यानं 'जा' म्हटलेल्या गाडीबद्दल कधी तक्रार आली नाही. तो काय बघतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "दिसतं." एवढ्या एका शब्दावर त्यानं ती खुर्ची वर्षानुवर्षं सांभाळली होती.

आणि मग एके दिवशी मॅनेजर विपुल यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आता आपल्याकडे एजंट येतोय."

अंजूर-मानकोलीच्या पट्ट्यात एजंट म्हटलं की एकच प्राणी डोळ्यांसमोर येतो: पांढरा शर्ट, गॉगल, आणि तुमच्या शेताकडे तुमच्यापेक्षा जास्त मायेनं बघणारा. नवशाचा हात आपसूक सातबाऱ्याकडे गेला. सातबारा घरी कपाटात होता, तरी गेला.

"जमीन तर गेली," तो म्हणाला. "आता काय न्यायला येतोय?"

"तसला एजंट नाही, नवशादादा. हा कॉम्प्युटरमधला. स्वतः विचार करतो, स्वतः कामं करतो. गाड्या बोलावणं, डॉक देणं, गेटपास काढणं. रजा नको, चहा नको."

चहा नको म्हणणाऱ्या कुणावरही नवशानं आजवर विश्वास ठेवला नव्हता.

एजंट आला. तो बोलायचा बाईच्या आवाजात, त्यामुळे दुपारच्या जेवणाआधीच सगळे त्याला 'बाई' म्हणायला लागले. पहिल्याच आठवड्यात बाईनं घोळ घातला. तिच्या हाताशी गोडाऊनची कामं करणारी बरीच टूलं दिली होती, आणि प्रत्येक टुलावर एक ओळ लिहिली होती. एका टुलावर लिहिलं होतं, 'गाडी थांबवणे: गाडी थांबवते.' दुसऱ्यावर, 'गाडी रोखणे: गाडी रोखते.' लिहिणाऱ्या इंजिनिअरला फरक माहीत होता. पहिलं टूल म्हणजे माथाडी जेवायला गेलेत, गाडी जरा बाजूला घ्या. दुसरं म्हणजे या गाडीत चोरी आहे, गेट बंद करा. बाईला कुणी सांगितलंच नव्हतं. माथाडी जेवायला गेले आणि बाईनं डॉकवरच्या सगळ्या गाड्या चोर ठरवून गेटचा बूम, म्हणजे आडवा दांडा, खाली पाडला. माथाडी ढेकर देत परत आले तोवर ड्रायव्हरांनी विपुलसाहेबांच्या केबिनला वेढा घातला होता.

नवशा खुर्चीतून हे सगळं बघत होता. इतका सुखाचा दिवस त्याला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी कंपनीकडून उन्नती नावाची मुलगी आली. ठाण्याची. पाठीला बॅग, पायात बूट, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. नवशाला ती सवय अजिबात आवडली नाही. तिनं स्टूल ओढलं आणि थेट त्याच्या खुर्चीशेजारी बसली.

"काका, बाई वेडी नाहीये. आपण तिला नीट सांगितलेलं नाही. तिनं हे गोडाऊन कधी बघितलेलं नाही. ती फक्त टुलावर लिहिलेलं वाचते आणि त्यातून ठरवते कुठलं टूल उचलायचं. त्यामुळे प्रत्येक टुलाचं वर्णन स्वच्छ पाहिजे. हे काय करतं, कधी वापरायचं, आणि कधी अजिबात वापरायचं नाही."

"मंग लिव्हा की."

"मला कुठे माहितीये? तुम्हाला माहितीये. तुम्ही सांगा, मी लिहिते. असं सांगा, की उद्या या खुर्चीत अगदी नवा माणूस येऊन बसला तरी त्याला चुकता येऊ नये."

नवशानं खुर्चीचा हात घट्ट पकडला. "नवा मानूस कोन येनार हाय?"

"कुणी नाही हो. समजा म्हटलं."

"समजा म्हंजे ठरलंय काय?"

"काका!"

"म्याडम, मी नुसतं विचारतोय."

त्या दिवशी घरी जाताना रिक्षात त्यानं सगळा हिशेब मांडला. शिकवून झालं की शिकवणाऱ्याला कुणी ठेवत नाही. बाईला 'दिसतं' म्हणजे काय ते कळलं, की नवशाकडे राहिलं काय? एक ठोकळा लावलेली खुर्ची. आणि तीसुद्धा कंपनीची. नाही म्हणावं तर विपुलसाहेब आजच घरी बसवतील. हो म्हणून सगळं सांगावं तर महिन्याभरानं. तेव्हा लिहायचं, पण असं लिहायचं की नवशावाचून गाडीचं चाक हलता कामा नये.

दुसऱ्या दिवशी तो उन्नतीला म्हणाला, "मीच लिवून आनतो. तुमी कशाला तरास घेता." आणि घरी जेवणाच्या टेबलाशी बसून त्यानं चार संध्याकाळ लिहिलं. आयुष्यभराचा संशय त्यानं त्या वर्णनांत ओतला.

'गेटपास काढणे,' त्यानं लिहिलं. 'हे टूल गाडी बाहेर सोडण्यासाठी आहे. पण लगेच सोडू नये. ड्रायव्हर सांगेल ते खरं मानू नये. ड्रायव्हर शपथ घेऊन सांगेल तर अजिबात मानू नये. शंका आल्यास नवशाला विचारावे.'

'डॉक देणे. जो आधी आला म्हणतो तो आधी आलेला नसतो. शंका आल्यास नवशाला विचारावे.'

'साहेबांचा हुकूम घेणे. विपुलसाहेब संध्याकाळी घरी जायच्या घाईत "सोडा, सोडा" म्हणतात. त्यांचं ऐकल्यासारखं करावं, पण ऐकू नये. शंका आल्यास नवशाला विचारावे.'

आणि फोन घेण्याच्या टुलापाशी आल्यावर त्याला बहिणीचा मुलगा भूपेश आठवला. भूपेशचा टेम्पो याच गोडाऊनला लागतो. गेल्या लगीनसराईत या भूपेशनं फोन करून सांगितलं होतं, "मामा, गाडी डॉकला लावली, माझा नंबर धर." आणि मागे बेंजो इतका जोरात वाजत होता की नवशाचा फोन हातात थरथरला. गाडी डॉकला नव्हती, भूपेश कुणाच्यातरी हळदीत नाचत होता. नवशानं दात खाऊन लिहिलं: 'आपल्याकडे लगीनसराईत अर्धे ड्रायव्हर हळदीला असतात आणि तिथून फोन करतात. फोनमध्ये मागं बेंजो ऐकू आला, तर तो माणूस हळदीला आहे असं समजावं आणि त्याचं कुठलंही म्हणणं खरं मानू नये. मग तो कुणीही असो.'

'कुणीही असो' च्या खाली त्यानं दोनदा रेघ मारली.

उन्नतीनं सगळं वाचलं. दोन ठिकाणी हसली, साहेबांच्या हुकमापाशी तिला ठसका लागला. मग म्हणाली, "काका, हे बेंजोचं फार छान आहे. असं कुठल्याच इंजिनिअरला सुचलं नसतं. पण गाडी सोडताना तुम्ही नक्की काय बघता, ते यात कुठेच नाही. आणि शेवटी सगळीकडे हे एकच वाक्य का?"

"काळजी म्हनून."

"शंका कधी घ्यायची ते न सांगता नुसतं 'शंका आल्यास' म्हटलं, तर तिला प्रत्येक गोष्टीत शंका येईल."

"येऊ दे. शंकेनं कुनाचं वाईट झालंय?"

उन्नतीनं कागद गोळा केले. "बरं," ती म्हणाली. "तुमच्या शब्दांत टाकते. बघू काही दिवस."

इतक्या सहज हो म्हणाली, म्हणजे पाणी मुरतंय, असं नवशाला वाटलं. पण कुठं, ते कळेना.

पहिले दोन दिवस सोन्याचे गेले. नवशाचा फोन वाजायचा आणि बाई अदबीनं विचारायची, "नवशाजी, ड्रायव्हर म्हणतात ते जेवून आलेत. मला शंका आहे. काय करू?" नवशा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "घे आत." माथाडी एकमेकांना डोळे मारायचे. विपुलसाहेब केबिनच्या काचेतून बघायचे. नवशा पाय लांब करून बसायचा, आणि ठोकळाही त्या दिवसांत डुगडुगला नाही.

मग बाईला खरोखरच नवशाची सवय लागली. तो घरी पोचायच्या आत तिचा फोन घरी पोचलेला असायचा. "नवशाजी, रात्रपाळीचे सुपरवायझर म्हणतात ते सुपरवायझर आहेत. मला शंका आहे." तो आंघोळीला बसला की फोन. देवाला दिवा लावला की फोन. एकदा तर बाईनं स्वतः नवशालाच विचारलं, "तुम्ही नवशाजीच बोलताय कशावरून?"

नवशा चाट पडला. पण पुढच्याच क्षणाला त्याला तिचं कौतुक वाटलं. आपल्या पोरांपैकी एकानंही हा गुण उचलला नव्हता.

हौसाला मात्र कौतुक वाटलं नाही. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "कोन ही?"

"कोन?"

"दिवसभर नवशाजी, नवशाजी करते ती."

"अगं, ती मशीन हाय."

"मशीन इतक्या गोड आवाजात बोलते व्हय? माझ्या मिक्सरला कधी असा आवाज आला न्हाय." हौसानं भाकरी तव्यावर अशी आपटली की तवाच चुलीवरून हलला. "मना उद्या गोडाऊनला घेऊन चल. मना तिला बघायचंय."

नवशानं तिला खरोखरच नेलं. उन्नतीनं हौसाला काळा डबा दाखवला, त्याच्यावर एक हिरवा दिवा मिचमिचत होता. हौसानं डब्याच्या मागं वाकून बघितलं. मागं कुणी नव्हतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "लपली असंल." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवशाचा थोडासा संशय तिलाही लागणारच.

हे असंच चाललं असतं; पण नवशाच्या बहिणीच्या, गोदूच्या मुलीचं लग्न आलं. गोदू अंबाडीच्या पुढे एका गावात दिलेली. मुलीचं नाव रीमा, भूपेशची बहीण. नवशा मुलीचा मामा, सख्खा, आणि एकुलता एक. मामाशिवाय हळद लागत नाही. नवशानं रजा टाकली. विपुलसाहेब म्हणाले, "जा दादा. पण उद्या मोठ्या गिऱ्हाइकाचा माल निघतोय. दुकानं उघडायच्या आत पोचायला पाहिजे. मधे काही अडलं, तर मालक मला विचारतील, आणि मी तुम्हाला."

"काय अडनार न्हाय," नवशा म्हणाला. अडेल अशी व्यवस्था त्यानं स्वतःच केली होती, हे त्या घडीला त्याच्या ध्यानात नव्हतं.

दिवस कलताना गोदूच्या दारात मांडव भरला. बेंजो पार्टी आली, स्पीकर उभे राहिले, आणि पहिल्याच ठोक्याला मांडवातले फुगे आपोआप फुटायला लागले. गोदूनं भावाला पाटावर बसवलं, बायकांनी आधी मामालाच हळदीनं माखला. नवशाचे डोळे आणि दात तेवढे पांढरे राहिले. आणि नेमका तेव्हा खिशातला फोन थरथरला.

"नवशाजी, मोठ्या ऑर्डरची पहिली गाडी भरून तयार आहे. ड्रायव्हर म्हणतात सगळं बरोबर आहे. मला शंका आहे. सोडू का?"

"सोड, सोड!" नवशा ओरडला.

बाई म्हणाली, "क्षमा करा. तुमच्या मागे बेंजो ऐकू येतो आहे."

"मंग?"

"म्हणजे तुम्ही हळदीला आहात. तुमचं कुठलंही म्हणणं मला खरं मानता येणार नाही."

"अगं, मी नवशा!"

"'मग तो कुणीही असो' असं लिहिलेलं आहे," बाई म्हणाली. "याच्याखाली दोनदा रेघ आहे." आणि तिनं अदबीनं फोन ठेवला.

नवशा मांडवाच्या मागं गेला. तिथं बेंजो जास्तच घुमत होता. गोठ्यात गेला, तिथं म्हैस त्याचा पिवळा अवतार बघून दावं तोडायला लागली. तो रस्त्याकडे पळाला, तर पलीकडच्या आळीतही हळद होती आणि तिकडचा बेंजो इकडच्यापेक्षा नवा होता. गावात शांत अशी जागाच उरली नव्हती. बेंजो थांबवा म्हणावं, तर सख्ख्या भाचीच्या हळदीत बेंजो थांबवणारा मामा म्हणून पुढची पन्नास वर्षं गावानं नाव घेतलं असतं.

मग विपुलसाहेबांचा फोन आला. "दादा, गाड्यांची रांग हायवेपर्यंत गेलीय! मी सोडा म्हणतोय तर ती बाई मला माझ्याच तोंडावर वाचून दाखवते. 'विपुलसाहेब घाईत असतात, ऐकल्यासारखं करावं.' स्पीकरवर, दादा! सगळे माथाडी उभे होते!"

"किशनला सांगा, बूम हातानं उचल."

किशन म्हणजे गेटवरचा वॉचमन, पाड्यावरचा. त्याचाही आवाज मागून आला. "पास न्हाय तं बूम न्हाय, सायेब. नवशादादानीच शिकवलंय."

"ऐकलंत?" विपुलसाहेब म्हणाले. "आज माल निघाला नाही, तर उद्या त्या खुर्चीत तुम्ही नसाल. मीही नसेन, पण तुम्ही नक्की नसाल."

खुर्ची. नवशा मांडवाच्या मागं एका उलट्या घमेल्यावर मटकन बसला. ज्या खुर्चीसाठी एवढा खटाटोप केला, ती आता खटाटोपामुळेच चालली होती.

भूपेश नाचून घामाघूम होऊन तिथं पाणी प्यायला आला. मामाचा चेहरा बघून त्यानं काय झालं विचारलं, आणि ऐकल्यावर हसू आवरेना म्हणून जमिनीवरच बसला. "मामा! माझ्यासाठी केलंस न तुलाच लागलं!"

"हस, हस. तुज्यामुळं झालंय सगलं."

"मामा, त्या पोरीला फोन लाव. ठाण्याच्या. ती तरी तुजं ऐकंल."

नवशानं उन्नतीला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला, जणू फोन हातातच होता. नवशाला लगेच संशय आला, पण तो त्यानं गिळला.

"काका, मी आत्ता सगळी वर्णनं बदलू शकते," ती म्हणाली. "पण लिहू काय? गाडी सोडताना तुम्ही काय बघता ते तुम्ही अजून सांगितलेलंच नाही."

मांडवात कुणीतरी 'मामा कुठाय, मामा कुठाय' करत होतं. नवशानं फोन कानाला घट्ट धरला. सांगितलं तर खुर्ची महिन्याभरात जाणार. नाही सांगितलं तर उद्या सकाळीच. आणि इकडं रीमा हळदीच्या पाटावर त्याची वाट बघत बसलेली.

"पोरी," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं म्याडम म्हटलं नाही. "लिव. डॉकवरनं दार बंद झालं की सील लागतं. सीलचा नंबर पासवर असतो तोच पायजे. ते किशन गेटवर वाचतो, तर बाईनं त्याच्याकडनं फोटो मागायचा, ड्रायव्हरला विचारायचं न्हाय. लिवलं?"

"लिहिलं."

"मंग मागचे टायर बघायचे. माल पुरा भरला की टायर बसतात. खोकी सगली चढली म्हनतात आन टायर ताठ उभे, म्हंजे कायतरी राहिलंय. फोटोत टायर दिसले पायजेत. आन उघड्या गाडीला ताडपत्रीची दोरी. गाठ मारलेली असंल तर बरं. नुसती गुंडाललेली असंल तर ड्रायव्हरला वाटेत कुठंतरी ती सोडायची हाय."

"काका, एवढंच?"

"एवढंच म्हंजे? हे दिसायला माजी अर्धी हाडं झिजलीत!"

"तसं नाही. छान आहे. हे बाईला कळेल. आता शेवटची ओळ. तुम्हाला कधी विचारायचं?"

मांडवात बेंजोवाल्यानं चाल बदलली.

"सील जुळलं न्हाय तर विचार. टायर ताठ दिसले तर विचार," नवशा म्हणाला. मग घमेल्यावरून उठला. "बाकी वेळेला नवशाला विचारू नये. लिव तसं."

"लिहिते," उन्नती हळू म्हणाली. "आणि बेंजोचा नियम काढून टाकू?"

"नको," नवशा म्हणाला. "तो बरोबर हाय. मी हळदीलाच हाय न."

थोड्या वेळानं विपुलसाहेबांनी कळवलं की गाड्या सुटायला लागल्या. नवशा मांडवात परतला, रीमाच्या गालाला हळद लावली, आणि बेंजोसमोर भूपेशसोबत नाचलाही. पण एका हातात फोन धरून. फोन वाजत नव्हता. दर दोन ठेक्यांनी तो स्क्रीनकडे बघायचा. शेवटी त्यानं हौसाला बाजूला घेतलं. "जरा मना फोन लाव."

"मी हितं तुज्यासमोर उभी हाय."

"लाव गं. बिघडलाय का बघायचंय."

हौसानं फोन लावला. तो खणखणीत वाजला. फोन बिघडलेला नव्हता. नवशाला ते जास्तच लागलं.

लग्न उरकून तो कामावर गेला तेव्हा गेटमधून आत शिरतानाच त्यानं मान उंच करून बघितलं. खुर्ची जागेवर होती. सुतळी, उशी, ठोकळा, सगळं होतं. उन्नती शेजारी स्टुलावर बसली होती. गाड्या येत होत्या, किशन फोटो काढत होता, बाई एकेकीला सोडत होती. नवशा खुर्चीत बसला. कुणी काही विचारलं नाही.

विपुलसाहेब केबिनमधून बाहेर आले. साहेबांच्या हुकमाची ओळ तोवर वर्णनातून गेली होती, पण त्यांच्या मनातून गेलेली नव्हती. ते म्हणाले, "दादा, मालक खूश आहेत. आपली अजून गोडाऊनं आहेत, तिथंही बाई बसवायचीय. तिथल्या डिस्पॅचवाल्यांकडून हेच काढून घ्यायचं. उन्नती म्हणते, तुम्ही सोबत असाल तरच ती करेल."

"आन ही खुर्ची?"

"खुर्चीचं काय? राहील की इथंच."

इथंच राहील, हे शब्द नवशाला बिलकूल पटले नाहीत. दुपारी भूपेशचा टेम्पो आला तसा त्यानं खुर्ची टेम्पोत चढवली. भूपेश हसून हसून बेजार झाला, पण दोरीला गाठ त्यानं नीट मारली. टेम्पो गेटवर पोचला. किशननं फोटो काढला. आणि नवशाच्या खिशातला फोन वाजला.

"नवशाजी," बाई म्हणाली, "एका गाडीत एक खुर्ची आहे. सील नाही. टायर ताठ आहेत. सोडू का?"

नवशानं खाकरून घसा साफ केला, माथाड्यांकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सोड!"

पुढच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅचला धाकल्या नावाचा माणूस होता. वयानं नवशाएवढाच, आणि बसायला प्लास्टिकची खुर्ची, तिच्या पायाला साखळी आणि साखळीला कुलूप. नवशानं आपली खुर्ची टेम्पोतून उतरवून त्याच्या शेजारी लावली तशी धाकल्यानं आपली खुर्ची चार बोटं पलीकडे सरकवली.

"राम राम," नवशा म्हणाला. "गाडी सोडताना तू काय बघतोस?"

धाकल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दिसतं," तो म्हणाला.

"तरी पन काय?"

"लिवून ठेवलंय," असं म्हणत त्यानं एक कागद पुढे केला. उन्नतीनं वाचला आणि मुकाट्यानं नवशाकडे सरकवला. कागदावर एकच ओळ होती: शंका आल्यास धाकल्याला विचारावे.

नवशानं कागद दोनदा वाचला, उलटून मागची बाजूही बघितली. मग चहा मागवला. चहा आल्यावर धाकल्यानं तो आधी नवशाला पिऊ दिला. नवशा खुशाल प्यायला, ओठ पुसले, आणि खुर्ची थोडी पुढं ओढून आस्थेनं विचारलं,

"धाकल्या, तुज्या घरात यंदा हळद कुनाची हाय?"